गडगडाटाच्या खालचं गाणं

दादाने गिटारच्या अँपचं आवाजाचं बटण दहावरून दोनवर आणलं, तेव्हा खोलीतल्या बाकी तिघांना वाटलं की वीज गेली.

"काय झालं?" हातोडा ड्रमच्या मागून ओरडला. ओरडायची आता गरज नव्हती, पण सवय जाते कुठे?

"मी कमी केलं," दादा म्हणाला. "नवा अल्बम असा करायचा. दोनवर."

'गडगडाट' हा बँड तेहतीस वर्षांचा. नाव दादानेच ठेवलं होतं आणि ते सार्थ करण्यात त्याने कधी कसूर केली नाही. टायरच्या दुकानावरची ही सरावाची खोली त्यांच्याकडे एकवीस वर्षं होती. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला दोन जाड घोंगड्या. तरी सरावाच्या दिवशी खालचा टायरवाला गिऱ्हाइकांशी खुणांनीच बोलायचा. बिचाऱ्याने कधी तक्रार केली नाही. केली असेल तर ती कुणाला ऐकू आली नाही.

दादा गिटार वाजवायचा. शब्द त्याचे, चाली त्याच्या आणि हुकूमही त्याचेच. गाणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. अंगाने थोराड, स्वभावाने लोण्यासारखा, आणि आवाज असा की माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ते कळायचं नाही. ड्रमवर हातोडा. तो दादाच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून दादा त्याला चारचौघांत 'जावईबुवा' म्हणायचा, आणि रागावला की जरा जास्तच आदराने म्हणायचा. राहिली ती बहीण. ती चौथी. बेस गिटार वाजवायची. म्हणजे चार जाड तारांची ती लांबलचक गिटार, जिचे सूर सगळ्यांत खालचे. लहानपणी आपल्यापेक्षा मोठ्या वस्तू ओढत घरभर फिरायची म्हणून दादाने तिचं नाव मुंगी ठेवलं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते तिला शोभून दिसत होतं. बँडच्या प्रत्येक पोस्टरवर ती होती. नीट पाहिलं तर ड्रमच्या मागे अर्धी दिसायची.

"कानाच्या डॉक्टरने सांगितलंय," दादा म्हणाला. "आवाज कमी करा, नाहीतर आहेत तेही कान जातील." गाडीचं ऑइल बदलायला झालंय, अशा सुरात त्याने हे सांगितलं. पुढे कुणी काही विचारलं नाही. दादाला दुखण्याबद्दल विचारलं की तो विचारणाऱ्याचं दुखणं काढायचा.

"दोनवर मी ड्रम कसे वाजवू?" हातोडा म्हणाला. "हातमोजे घालून?"

दादाने पिशवीतून तारांचे दोन ब्रश काढून त्याच्यापुढे टाकले. काठ्यांऐवजी यांनी वाजवलं की ड्रम नुसते कुजबुजतात. हातोड्याने ते उलटसुलट करून पाहिले. "भांडी कुठायत?"

"आणि मी?" भोंग्याने विचारलं.

"तू बोलल्यासारखं गा."

भोंग्याने मनापासून विचार केला. "मला बोलल्यासारखं बोलतापण येत नाही रे," तो म्हणाला, आणि खाली टायरवाल्यानेसुद्धा ते ऐकलं असणार.

सगळे हसले. मुंगीही हसली. पण हसता हसता ती हिशोब करत होती. गिटार दोनवर, ड्रम ब्रशवर, भोंगा कुजबुजत. म्हणजे आता बेस ऐकू येणार. आणि इथेच सगळं घोडं पेंड खात होतं.

कारण गेली तीस-बत्तीस वर्षं मुंगी दुसरंच काहीतरी वाजवत होती.

सुरुवात अगदी निरागस होती. पहिल्या अल्बममधलं 'लोखंडी दार' हे गाणं अफाट गाजलं, आणि त्या गाण्यात दादाने तिला दिलेला बेस एका बिलाच्या पाठीवर मावला होता. मावणार नाही तर काय! त्यात एकच सूर होता. चार मिनिटं, धप धप धप धप. रेकॉर्डिंगला तिने तो इमानदारीत वाजवला. मग दौरे सुरू झाले. सत्तर कार्यक्रम, सत्तर वेळा तेच धप धप. पोलिसाला एका जागी सत्तर रात्री उभं केलं तर तोही जरा पाय मोकळे करतो. एका कार्यक्रमात दुसऱ्या कडव्याला मुंगीने एक सूर बाजूला टाकला. कुणी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन टाकले. महिनाभरात 'लोखंडी दार'च्या खाली एक अख्खी दुसरी चाल तयार झाली होती. वरच्या गाण्यात माणूस दारावर धडका मारतो; खालच्या चालीत मात्र कुणीतरी आतून शांतपणे कडी काढत होतं. असं आपलं मुंगीला वाटायचं. ऐकलं कुणी होतं?

दादाची गिटार दहावर होती. तिच्याखाली मुंगीने शंख फुंकला असता तरी कळलं नसतं. पुढचे अल्बमही सगळ्यांनी एका खोलीत बसून, एकदम, दणदणाटात वाजवलेले. शेवटी सगळ्यांचे आवाज जुळवायला दादाच बसायचा आणि सगळ्यांत आधी बेसचा वरचा भाग कापून नुसता घुमारा ठेवायचा. त्याच्या मते बेस ऐकायचा नसतो, पोटात जाणवायचा असतो. असं करत करत चाळीस गाण्यांच्या खाली चाळीस चाली झाल्या. मुंगीने ताकास तूर लागू दिली नाही. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. आधी गंमत म्हणून, मग सवय म्हणून, आणि शेवटी भीती म्हणून.

भीती खोटी नव्हती. बँडमध्ये पूर्वी एक दुसरा गिटारवाला होता. चांगला होता. त्याने एका गाण्यात दादाला न विचारता तीन सूर जास्त वाजवले, आणि तीन सुरांत तो घरी गेला. "लिहिलंय ते वाजवायचं," दादा म्हणायचा. "गाणं म्हणजे काय सरबत आहे, येईल त्याने चमचा घालायला?" मुंगीने चाळीस पातेल्यांत चमचा घातला होता. दादा तिला घरी पाठवू शकत नव्हता, कारण घर एकच होतं. तो वर राहायचा, ही दोघं खाली. पण तिला भीती होती ती वेगळीच. आईवडील गेल्यावर ज्या भावाने तिला गिटार घेऊन दिली आणि बोटं धरून पहिला सूर लावायला शिकवलं, त्याला वाटेल की बहिणीने इतकी वर्षं फसवलं. ते तिला सोसलं नसतं.

म्हणून तिने सरळ मार्ग धरला. नव्या अल्बमात जुनी सहा गाणी हळू आवाजात परत करायची होती आणि चार नवी होती. तिने घरी येऊन कपाटाच्या तळातून ते बिल शोधून काढलं, आणि धप धप पुन्हा पाठ करायला बसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

स्टुडिओ एका जुन्या बेकरीच्या जागेत होता. भट्टीची खोली आता रेकॉर्डिंगची खोली झाली होती आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बाई बसायच्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, गळ्यात कायम हेडफोन. त्यांनी चौघांना गोल बसवलं, इतकं जवळ की हातोड्याचा गुडघा भोंग्याच्या खुर्चीला लागत होता. इतक्या वर्षांत चौघांनी एकमेकांना इतक्या जवळून वाजवताना पाहिलंच नव्हतं. भोंग्याला तर दादाच्या हातावरचा तीळ नवीन होता.

"'लोखंडी दार'पासून सुरू करू," दादा म्हणाला. "झोपेतही येतं ते आपल्याला." त्याने नेहमीसारखं पायाने मोजलं, एक दोन तीन चार, आणि सगळे सुरू झाले.

मुंगी धप धप वाजवत होती. अगदी बिलावरच्यासारखं. आणि गाणं वाजता वाजता झोपी गेलं.

चुकत कुणीच नव्हतं, तरी सगळं चुकत होतं. दुसऱ्या कडव्यात हातोडा अडखळला. परत घेतलं. परत तिथेच अडखळला. तिसऱ्यांदा तो पुढे पळाला, चौथ्यांदा मागे राहिला. ज्या माणसाला लोक घड्याळाऐवजी विचारायचे, त्याचा ताल जिन्यावरून गडगडत खाली चालला होता. भोंगाही सूर सापडत नसल्यासारखा छताकडे पाहून गात होता.

"जावईबुवा," दादा फार आदराने म्हणाला, "आपण येताय ना आमच्याबरोबर?"

तीन दिवस हेच झालं. ब्रशची सवय नाही म्हणून काठ्या घेतल्या, तरी तेच. खुर्ची उंच केली, खाली केली. रेकॉर्डिस्ट बाई काचेतून म्हणायच्या, "छान होतं, एकदा अजून घेऊ या," आणि त्यांचा चेहरा सांगायचा की छान काही नव्हतं. मुंगीला पहिल्याच दिवशी कारण समजलं होतं. स्टेजवर हातोड्याची बैठक कायम तिच्या अँपला चिकटून असायची. कानांनी त्याला ती चाल कधी ऐकू आली नव्हती, पण फळ्यांमधून, बुडाखालच्या स्टुलातून ती त्याच्या अंगात शिरायची. बत्तीस वर्षं तो दादाच्या गिटारवर नाही, तिच्या चालीवर ड्रम वाजवत होता. हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आता तिने त्याच्या पायाखालची फळीच काढून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्यावर हातोडा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला. त्याने दोन्ही पंजे टेबलावर पसरून ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिला.

"हात गेले माझे," तो म्हणाला.

"काही गेले नाहीत. चहा घे."

"तुला नाही कळणार. आतून कळतं. आधी वाटायचं, कुणीतरी पुढे बोट धरून चाललंय आणि मला नुसतं मागे जायचंय. आता कुणी नाही. म्हातारा झालो मी." त्याने कप उचलला आणि न पिता ठेवला. "उद्या दादाला सांगतो. दुसरा कुणीतरी बघ म्हणावं. आपल्यामुळे अल्बम अडायला नको."

हा माणूस आयुष्यात इतकं हळू कधी बोलला नव्हता. मुंगीला कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. आपलं गुपित जपायला तिने नवऱ्याचे हात गहाण टाकले होते.

"अरे, तुझे हात ठीक आहेत," ती म्हणाली. "मी वेगळं वाजवतेय. आधी मी दुसरंच काहीतरी वाजवायचे. सगळ्या गाण्यांत. तू त्याच्यावर वाजवायचास." आणि तिने त्याला सगळं सांगितलं, बिलापासून कडीपर्यंत.

हातोड्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिच्या हातावर थोपटलं. "समजूत काढायला कुणी काय काय गोष्टी रचतं," तो म्हणाला. "तू फार चांगली बायको आहेस."

आता यावर काय करायचं? बत्तीस वर्षं लपवलेलं सत्य बाहेर काढावं, तर ते कुणी घ्यायला तयार नाही! मुंगीला हसूही आलं आणि रडूही. बेस घरी नव्हता, स्टुडिओतच ठेवलेला. म्हणजे पटवायचं तर तिथेच, दादाच्या समोरच वाजवावं लागणार होतं. तिने चहा गरम करून दिला आणि मनाशी ठरवलं: भाऊ रागावला तर रागावला. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. हात गेले असं मानून बसलेल्याची काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा इस्त्रीचा शर्ट घालून स्टुडिओत आला. निरोप घ्यायचा म्हणून. त्याने घसा खाकरला. "दादा, मला जरा बोलायचंय."

"आधी एकदा वाजवू," मुंगी म्हणाली. "मग बोल." आणि खुर्ची ओढून त्याच्या स्टुलाला टेकवून बसली. दादाने भुवया उंचावल्या, पण पायाने मोजायला घेतलं. एक दोन तीन चार.

तिने पहिल्या सुरापासून आपली चाल धरली.

दोनवर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. तिची स्वतःची चाल तिलाच आज पहिल्यांदा उघड्यावर ऐकू येत होती, आणि ती बरी होती. खरं सांगायचं तर चांगली होती. पहिल्या कडव्यात ती गाण्याच्या मागे मागे गेली, आणि दुसऱ्या कडव्यात, जिथे हातोडा तीन दिवस पडत होता, तिथे तिने हळूच कडी काढली. शेजारून ब्रशचा सपकारा आला, नेमका, जसा यायला हवा तसा. तिने वळून पाहिलं. हातोड्याचं तोंड उघडं होतं आणि हात आपोआप चालले होते. भोंग्याने डोळे मिटले होते. तो बोलल्यासारखं गात होता! इतक्या वर्षांत त्याचा आवाज कुणी एवढा जवळून ऐकला नव्हता. त्यात एक खरखर होती, जुन्या ब्लँकेटसारखी उबदार.

मग दादाने हात वर केला.

सगळे थांबले. हातोडा सोडून. तो आणखी चार मात्रा वाजवून थांबला, कारण त्याला सोडवेना.

"हे काय आहे?" दादाने मुंगीला विचारलं.

"बेस."

"मी लिहिलेला नाही."

"नाही."

"कधीपासून?"

मुंगीने मान खाली घातली नाही. "पहिल्या दौऱ्यापासून."

"फक्त यात?"

"चाळीस गाण्यांत."

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बाईंनी अलगद हेडफोन कानांवर नीट बसवले. असली गोष्ट कुणी अर्धवट ऐकतं का?

"मला वाटायचं ते माझ्या पोटात वाजतं," भोंगा म्हणाला. "मी त्याच्यावरूनच सूर उचलायचो. बायकोला सांगितलं तर म्हणाली, पित्त असेल."

कुणी हसलं नाही; हसायची सगळ्यांना फार इच्छा होती. दादाचे कान लाल झाले होते. तो उठला, गिटार स्टँडवर ठेवली आणि दार उघडून बाहेर गेला. बाहेरच्या बोळात त्याच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. चार पावलं तिकडे, चार इकडे. रागातसुद्धा तालात.

हातोड्याने बायकोकडे पाहिलं. "म्हणजे तू खरं सांगत होतीस?"

"हो."

"माझे हात गेले नाहीत?"

"नाहीत रे."

हातोड्याने आपले दोन्ही पंजे तोंडासमोर धरले आणि त्यांचा आळीपाळीने मुका घेतला. मग बायकोचा घेतला. रेकॉर्डिस्ट बाईंच्या देखत. मुंगी लाजली, पण तिचे डोळे दाराकडे होते.

दादा परत आला तो एक खुर्ची घेऊन. बोळातली, पहारेकऱ्याची. ती त्याने मुंगीच्या अगदी समोर ठेवली, उलटी, आणि पाठीवर हनुवटी टेकून बसला.

"परत वाजव," तो म्हणाला. "एकटी."

तिने वाजवलं. दादा डोळे न हलवता तिच्या बोटांकडे पाहत होता. गाणं संपल्यावर त्याने दुसऱ्या गाण्याचं नाव घेतलं. मग तिसऱ्याचं. चौथ्याला त्याने विचारलं, "इथे तू खाली का जातेस?" आणि ती म्हणाली, "तू वर जातोस म्हणून. कुणीतरी घरी थांबायला नको का?" त्याने पाचव्याचं नाव घेतलं. अकरा गाणी झाली. भोंगा बिस्किटाचा पुडा उघडून, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून एकेक बिस्किट श्वास रोखून काढत होता.

"तू मला फसवलंस," दादा शेवटी म्हणाला.

"हो," मुंगी म्हणाली. "चुकलं माझं. सांगायला हवं होतं. पण वाजवलं ते चुकलं नाही."

दादाने नाक चोळलं. "मीही फसवलंय," तो म्हणाला. "डॉक्टरने सांगितलं ते मी पूर्ण सांगितलं नाही. माझे वरचे सूर गेलेत. कमी झाले नाहीत, गेलेत. दोन वर्षं झाली. गिटारचं ते वरचं सगळं, लोक ज्याच्यावर उड्या मारतात, ते मी नुसत्या बोटांच्या आठवणीने वाजवतो. मला त्यातलं काही ऐकू येत नाही. ही दोन वर्षं हट्टाने दहावर ठेवायचो ते त्यासाठीच, कुठून तरी थोडं येईल म्हणून."

भोंग्याचं बिस्किट हवेतच राहिलं.

"आणि आता हे," दादाने मुंगीच्या चार तारांकडे बोट केलं. "हे सगळं ऐकू येतं. एक एक सूर. दोन वर्षांत मी पहिल्यांदा एक अख्खं गाणं ऐकलं, आणि ते मी लिहिलेलं नाही. राग येणार नाही तर काय होणार?"

आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुंगी उठून त्याच्याजवळ गेली आणि तिने बेसच्या वरून वाकून त्याच्या डोक्याला आपलं डोकं टेकवलं. बेस मध्ये दोघांच्या पोटाला टोचत होता. हातोड्याने ब्रश घेतले आणि झांजेवर हळूच एक सपकारा मारला, कारण काय करावं ते त्याला सुचलं नाही. मग भोंगा रडला. तो रडला तेव्हा रेकॉर्डिस्ट बाईंना आवाज कमी करावा लागला.

पुढचे दहा दिवस त्या जुन्या बेकरीत जे चाललं त्याला काम म्हणायचं जिवावर येतं. ज्या बँडने तेहतीस वर्षं कान किटवले, तो आता एकमेकांचं ऐकत होता, आणि ही चैन चौघांनाही नवीन होती. भोंग्याला कळलं की आपण आजवर गायलेल्या गाण्यांना अर्थही होते. "हे किती दुःखी गाणं आहे रे," तो एका जुन्या, धांगडधिंग्याच्या गाण्याबद्दल दादाला म्हणाला, आणि दादा म्हणाला, "मी तेव्हा सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस." हातोड्याने ब्रश इतके मनावर घेतले की तो घरी वर्तमानपत्रावर सराव करायला लागला; दादाचं वर्तमानपत्र, वाचायच्या आत. एक दिवस टायरवाला मुद्दाम स्टुडिओत आला. दोन आठवडे वरून काहीच आवाज नाही म्हणून त्याला काळजी वाटली होती. त्याने एक गाणं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "असं वाजवता येत होतं, तर मग इतकी वर्षं माझ्यावर का राग काढला?"

सगळं मात्र गोडीगुलाबीने झालं असं नाही. दादा तो दादाच. अल्बमचं शेवटचं काम म्हणून परत 'लोखंडी दार' घेतलं, आणि दुसऱ्या कडव्याच्या शेवटी त्याने हात वर केला.

"इथे तुझा सूर टोचतो," तो मुंगीला म्हणाला. "बाकी सगळं राहू दे. हा एक बदल."

"टोचतो तो माझा नाही," मुंगी म्हणाली. "तुझा टोचतो."

हातोड्याने ब्रश मांडीवर ठेवले आणि आरामात पाय लांब केले. या बँडमध्ये दादाला सुराबद्दल 'नाही' कुणी म्हटलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. बायकोने म्हणावं ही तर पर्वणीच.

"माझा?" दादा म्हणाला. "अगं, तो सूर हजारो लोकांनी ऐकलाय! लोक तो सूर रस्त्यात गुणगुणतात!"

"गुणगुणू देत. त्याच्याखाली मी दर वेळी ओठ चावायचे."

"हे गाणं मी लिहिलंय!"

"वरचं."

अर्धा तास भांडण झालं. लहानपणी खिडकीजवळच्या जागेवरून जसं व्हायचं, अगदी तसंच. दादाने उदाहरणं दिली, मुंगीने ती उलटवली. दादाने आवाज चढवला, तिने चढवला नाही. तिची बोटं मात्र तारांवर घट्ट होती, कारण यात ती हरली असती तर पुन्हा सगळं लिहिलेलं वाजवायचंच झालं असतं, आज एक सूर, उद्या दुसरा. हे तिला माहीत होतं आणि बहुधा दादालाही.

"माझा सूर कुठे न्यायचा मग?" शेवटी दादाने वैतागून विचारलं. "सांग, शहाणे! वर जाऊ?"

"खाली ये की," मुंगी म्हणाली. "वर तुला कुठे ऐकू येतंय?"

दादाने गिटारकडे पाहिलं. मग डावा हात गिटारच्या दांडीवरून हळूहळू मागे सरकवला, जाड तारांकडे, जिथे त्याची बोटं या गाण्यात कधी गेली नव्हती, आणि एक सूर चाचपडत लावला. तो चुकला. त्याने दुसरा लावला. मुंगीने आपला सूर त्याच्याखाली धरून ठेवला, सायकल शिकणाऱ्याची सीट धरतात तसा. तिसरा सूर लागला, आणि दोघांचे सूर एकमेकांत बसले. दादा मान तिरकी करून, न हलता, तो विरेपर्यंत ऐकत राहिला.

"ऐकू आला?" मुंगीने विचारलं.

"आला," दादा म्हणाला. "चल, पहिल्यापासून घेऊ. तू मोज."